साक्ष न ऐकता दिलेला निकाल

दिवाणी दाव्याची नेहमीची वाट आपल्या ओळखीची आहे. वादी दावा लावतो, प्रतिवादी कैफियत देतो, न्यायालय वादमुद्दे काढते, मग सरतपास, उलटतपास, युक्तिवाद आणि सरतेशेवटी हुकूमनामा. या वाटेला एक फाटा आहे. त्या फाट्यावर साक्षीदार पिंजऱ्यात उभाच राहत नाही. दोन्ही बाजूंचे कागद आणि प्रतिज्ञापत्रे वाचून न्यायाधीश ठरवतात की या दाव्यात ऐकून घेण्यासारखे काही नाही, आणि तिथेच निकाल देतात. आपल्या न्यायालयांच्या आवारात याला 'समरी सूट' म्हणतात. नव्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात त्याचेच भावंड 'संक्षिप्त निवाडा' म्हणून आले आहे. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत हा प्रकार जवळजवळ कोणत्याही दिवाणी दाव्यात चालतो.

हा अधिकार न्यायालयाकडे असायला हवा, याबद्दल मला शंका नाही. पण तो वापरताना न्यायाधीशाला एकाच प्रश्नाची मुभा आहे: इथे खराखुरा वाद आहे का? त्या वादात कोण खरे बोलतो, हा प्रश्न त्या टप्प्यावर त्याने मनातही आणायचा नाही. सांगायला ही रेषा सरळ दिसते, पाळायला फार अवघड आहे. ती पुसट झाली की त्याची झळ बहुतेक वेळा दुबळ्या बाजूलाच लागते.

आधी या अधिकाराची बाजू नीट मांडली पाहिजे. एखाद्या आडत्याने ओळखीच्या दुकानदाराला ८ लाख रुपये दिले, प्रॉमिसरी नोट लिहून घेतली, सही आहे, तारीख आहे. मुदत उलटली, दुकानदार फोन उचलत नाही. दावा लावला तर तो वकील देतो, कैफियतीला मुदत मागतो, 'सही माझी नाही' म्हणतो, मग 'सही माझी, पण कोऱ्या कागदावर घेतली' म्हणतो. अशा प्रतिवादीला पूर्ण सुनावणीचा हक्क दिला तर सुनावणी हेच त्याचे हत्यार होते. व्यवहाराचा सगळा पाया लिहून दिलेल्या शब्दावर असतो, आणि तो शब्द वसूल करायला दहा वर्षे लागणार असतील तर पुढच्या वेळी आडत्या पैसे देणार नाही, किंवा दुप्पट व्याजाने देईल. इंग्लंडमध्ये १८५५ साली हुंड्या आणि प्रॉमिसरी नोटांसाठी झटपट वसुलीचा कायदा झाला तो याच कारणाने. ती पद्धत पुढे आपल्याकडे आली आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तिला आदेश ३७ मध्ये जागा मिळाली. बराच काळ ती मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या शहरांच्या व्यापारी दाव्यांपुरती होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती सर्व दिवाणी न्यायालयांसाठी खुली झाली.

पद्धत अशी. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर व्हायचे. मग वादी 'समन्स फॉर जजमेंट' बजावतो, आणि पुन्हा १० दिवसांत प्रतिवादीने न्यायालयाकडे बचाव करण्याची परवानगी मागायची. वकिलांच्या भाषेत, लीव्ह घ्यायची. नेहमीच्या दाव्यात बचाव हा हक्क असतो. इथे तो मागून घ्यावा लागतो. प्रतिज्ञापत्रात आपला बचाव काय ते सांगायचे. त्यात काहीच दम नसेल किंवा तो निव्वळ छळण्यासाठी असेल तरच परवानगी नाकारायची, असे नियमच सांगतो. प्रतिवादीने काही रक्कम देणे लागतो असे कबूल केले असेल, तर ती न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी नाही. हेही रास्तच.

आता १९५८ चा एक निकाल पाहू. संतोष कुमार विरुद्ध भाई मूल सिंग. दावा ६० हजार रुपयांच्या न वटलेल्या चेकवर होता. प्रतिवादींचे म्हणणे असे की तो चेक मालाच्या किमतीपोटी केवळ तारण म्हणून दिला होता. मालाचे पैसे पुढे रोखीने आणि दुसऱ्या चेकांनी चुकते झाले, त्यामुळे तारणाचा चेक आता निरर्थक आहे. खालच्या न्यायाधीशांना यात सुनावणीजोगा मुद्दा दिसला. तरीही त्यांनी अट घातली: दाव्याची रक्कम, व्याज आणि खर्च यांचे तारण द्या, मगच बचाव करा. कारण काय, तर प्रतिवादींनी आपल्या म्हणण्याला आधार म्हणून कागद दाखल केले नाहीत, म्हणून बचाव मोघम आहे आणि प्रामाणिक वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि साध्या वाक्यात कायदा सांगण्याची त्यांची हातोटी आजही वाचताना जाणवते. त्यांनी ती अट काढून टाकली. पुरावा द्यायची वेळ परवानगी मिळाल्यानंतर येते, परवानगी मागताना नाही. बचाव तोंडी साबित होण्यासारखा असेल, तर त्याचे कागद आत्ताच का नाहीत म्हणून त्याला अप्रामाणिक ठरवता येत नाही. खालच्या न्यायाधीशांची चूक कायद्याच्या अज्ञानातून आलेली नव्हती. त्यांनी प्रतिवादीचे म्हणणे वाचले, त्यांना ते पटले नाही, आणि आपल्याला पटले नाही यालाच त्यांनी बचावातला दोष मानले. वाद आहे का हे पाहायला निघालेला माणूस नकळत वादाचा निकाल लावून मोकळा झाला. मी आजवर वाचलेल्या या प्रकारच्या बहुतेक चुका याच वळणावर झालेल्या आहेत.

महाराष्ट्रातला एक नेहमीचा बचाव घ्या. पैसे वसुलीच्या समरी सूटमध्ये प्रतिवादी म्हणतो: वादी विनापरवाना सावकारी करतो. हे खरे असेल तर न्यायालयाला त्याच्या बाजूने हुकूमनामा देता येत नाही. १९४६ च्या मुंबई सावकार अधिनियमात तशी तरतूद होती, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही आहे. पण अडीनडीला एकदा मित्राला पैसे देणारा माणूस सावकार होत नाही; सावकारी हा त्याचा धंदा असला पाहिजे. मग प्रश्न येतो की या वादीने आणखी किती जणांना, किती वेळा, किती व्याजाने पैसे दिले. ते कोणाला माहीत? वादीला. वह्या कोणाकडे? वादीकडे. प्रतिवादीच्या हातात १० दिवस, एक वकील आणि गावात ऐकलेल्या चार गोष्टी. त्याने प्रतिज्ञापत्रात 'वादी सावकारी करतो' एवढेच लिहिले तर ते मोघम ठरते, आणि तपशील तर उलटतपासाशिवाय बाहेर येणार नाही. तो उलटतपास मिळावा म्हणून तो परवानगी मागतो, आणि परवानगी मिळावी म्हणून त्याच्याकडे उलटतपासातून निघणारे तपशील मागितले जातात. हा बचाव बऱ्याचदा खोटाही असतो, हे मान्य. पण खोटा आहे हे वादीच्या वह्या न उघडता कसे ठरणार?

ही कोंडी अमेरिकी नियमांनी वेगळ्या रीतीने हाताळली आहे. १९३८ साली तिथल्या फेडरल न्यायालयांसाठी दिवाणी प्रक्रियेचे एकसंध नियम आले. त्यातला ५६ वा नियम म्हणतो: निकालावर परिणाम करणाऱ्या वस्तुस्थितीबद्दल खरा वाद नसेल आणि कायद्याने अर्जदाराचीच बाजू लागू होत असेल, तर संक्षिप्त निवाडा द्यावा. हा अर्ज वादी करू शकतो, प्रतिवादीही करू शकतो, आणि दावा कर्जाचाच असला पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा त्याआधी दोन्ही पक्षांना एकमेकांकडून कागद मागवण्याची आणि साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेण्याची संधी मिळालेली असते. ती मिळालेली नसेल तर 'मला अजून हे कागद हवेत' असे सांगून प्रतिपक्ष मुदत मागू शकतो. म्हणजे न्यायाधीशासमोर येतो तो बऱ्यापैकी भरलेला कागदी संच. तो वाचण्याचा नियमही ठरलेला: ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचा पुरावा खरा धरायचा, आणि त्यातून निघणारे रास्त अनुमान त्याच्याच बाजूने काढायचे. कोणत्या साक्षीदाराची जबानी भरवशाची, हे ठरवायचे नाही. ते काम ज्यूरीचे. अमेरिकी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने दिवाणी दाव्यांतला ज्यूरीचा हक्क राखून ठेवला आहे.

या नियमाची ताकद १९७० च्या एका निकालात दिसते. १९६४ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या हॅटिसबर्ग गावात एक गोरी शिक्षिका आपल्या सहा काळ्या विद्यार्थ्यांना घेऊन क्रेस या दुकानाच्या उपाहारगृहात गेली. तिला जेवण नाकारले गेले, आणि बाहेर पडताच पोलिसांनी तिला भटकेगिरीच्या आरोपाखाली अटक केली. दुकान आणि पोलीस यांनी संगनमत केले, असा तिचा दावा होता. खालच्या न्यायालयांनी तो संक्षिप्त निवाड्याने फेटाळला: संगनमताचा थेट पुरावा कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दुकानात त्या वेळी पोलीस हजर नव्हता, हे दुकानानेच निर्विवाद दाखवायला हवे होते. ते त्याने दाखवले नाही. पोलीस आत होता असे धरले तर संगनमताचे अनुमान ज्यूरी काढू शकते. गुपचूप झालेल्या गोष्टीचा पुरावा पीडिताच्या पदरात आधीपासून नसतो, हे त्या न्यायालयाने ओळखले.

१९८६ साली वारे फिरले. त्या वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने संक्षिप्त निवाड्यावर तीन निकाल दिले, आणि तेव्हापासून तिथले न्यायाधीश हा अर्ज बरेच मोकळेपणाने मंजूर करू लागले. सेलोटेक्स कंपनीविरुद्ध एका विधवेचा दावा होता, की नवरा अॅसबेस्टॉसमुळे गेला. न्यायालयाने म्हटले, की प्रतिवादीने तिचे म्हणणे खोटे पाडण्याची गरज नाही. ज्या गोष्टीचा पुरावा देण्याची जबाबदारी वादीवर आहे तिचा पुरावाच नाही, एवढे बोट दाखवले तरी पुरे. त्यानंतर तिचा दावा खालच्या अपिली न्यायालयात परत गेला, आणि तिथे तिचा पुरावा सुनावणीला पुरेसा ठरला. कायदा तिच्या नावाने कडक झाला, पण तिला स्वतःला दार उघडे राहिले. दुसरा दावा जॅक अँडरसन या पत्रकाराविरुद्ध बदनामीचा. त्यात न्यायमूर्ती व्हाइट यांनी मुद्दाम लिहिले, की न्यायाधीशाने पुरावा तोलायचा नाही. पण त्याच निकालात त्यांनी असेही ठरवले, की बदनामीच्या दाव्याला लागणारा वरचढ दर्जाचा पुरावा आहे का, हे संक्षिप्त निवाड्याच्या वेळीच पाहावे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात विचारले, की पुरावा न तोलता तो पुरेसा वजनदार आहे का हे कसे ठरवायचे? मला वाटते, या प्रश्नाला आजही कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

त्याच निकालामुळे सत्य लिहिणाऱ्या पत्रकाराला दमवणारा बदनामीचा दावा लवकर संपवता येतो, हेही खरे. श्रीमंत वादी गरीब प्रतिवादीला केवळ खर्चाने चिरडू शकतो, आणि तिथे लवकर मिळालेला निकाल म्हणजेच न्याय. म्हणून हा अधिकार नेहमी बलवंताच्याच बाजूचा असतो असे मी म्हणत नाही. तो कोणाच्या हातात किती सावधपणे आहे, त्यावर सगळे ठरते.

सावधपणा सुटला की काय होते, ते टोलन विरुद्ध कॉटन या दाव्यात जवळून दिसते. ३१ डिसेंबर २००८, रात्री दोनच्या सुमारास, टेक्सासमधल्या बेलेअर गावात टोलन नावाचा एक काळा तरुण नात्यातल्या भावाबरोबर आपल्या घरी परतला. गस्तीवरच्या पोलिसाने गाडीचा क्रमांक संगणकात टाकताना एक अंक चुकवला, आणि गाडी चोरीची दिसली. पिस्तूल रोखून त्याने दोघांना जमिनीवर पडायला सांगितले. आवाज ऐकून आईवडील झोपायच्या कपड्यांत बाहेर आले. गाडी आमचीच आहे, असे आई सांगत राहिली. तेवढ्यात सार्जंट कॉटन आला. त्याने आईला गॅरेजच्या दाराकडे नेले. तिचे म्हणणे, त्याने तिला दारावर आपटले. ओसरीत पडलेला टोलन १५-२० फुटांवरून ओरडला, आईला हात लावू नका. कॉटनने तीन गोळ्या झाडल्या. एक टोलनच्या छातीत घुसली. त्याच्याकडे कोणतेही शस्त्र नव्हते.

टोलनने नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पोलिसाच्या बाजूने संक्षिप्त निवाडा दिला. त्यांनी वस्तुस्थिती म्हणून काय लिहिले ते पाहा. ओसरीत अंधूक उजेड होता. आई पोलिसाचे ऐकत नव्हती, चिडलेली होती. टोलनने धमकी दिली. गोळी झाडली तेव्हा तो उठून पुढे येत होता. पण कागदी संचात याच चारही गोष्टींवर उलट जबान्या होत्या. वडिलांनी सांगितले होते, की दारासमोरचा गॅसचा दिवा केवळ शोभेचा नव्हता. घरासमोर हालचालीने लागणारे दिवे होते हे पोलिसानेही कबूल केले होते. आपण चिडलेलो नव्हतो, असे आईने स्वतः साक्षीत सांगितले होते. टोलनचे ओरडणे ही धमकी होती की आईच्या काळजीने निघालेला आवाज, हे ऐकणाऱ्यावर होते. आणि तो म्हणत होता, की तो पायावर उभा नव्हता, गुडघ्यांवर होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. खालच्या न्यायालयाने टोलनच्या बाजूचा पुरावा खरा धरलाच नाही, एवढेच त्यांचे कारण होते, आणि तेवढे पुरेसे होते.

या निकालातली गोळीबाराची हकीकत सुन्न करते, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती खालच्या न्यायाधीशांची भाषा. त्यांनी कुठेही 'आम्ही पोलिसावर विश्वास ठेवतो' असे लिहिले नाही. त्यांनी फक्त 'अंधूक उजेड' असे लिहिले, जणू तो वादापलीकडचा आहे. वस्तुस्थिती सांगतानाच एक बाजू निवडली गेली. पक्षपात इतका साधा होता की लिहिणाऱ्याला तो जाणवलाही नसेल.

याच सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी सात वर्षे, २००७ मध्ये, स्कॉट विरुद्ध हॅरिस या दाव्यात स्वतः हीच चूक केली, असे माझे मत आहे. जॉर्जियात १९ वर्षांचा एक तरुण ५५ मैलांच्या मर्यादेत ७३ मैल वेगाने जात होता. पोलिसांनी पाठलाग केला आणि शेवटी मागून धडक दिली. तरुण कायमचा पंगू झाला. पाठलागाचे चित्रीकरण होते. खालच्या न्यायालयांनी दावा सुनावणीला जावा असे म्हटले होते. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आठ न्यायमूर्तींच्या बहुमताने लिहिले, की चित्रफितीपुढे तरुणाची बाजू खरी धरताच येत नाही, कोणताही समंजस माणूस त्याचे म्हणणे मानणार नाही. न्यायालयाने ती फीत आपल्या संकेतस्थळावरही ठेवली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स एकटेच विरोधात होते. बहुमताला दिसले, की इतर गाड्या भीतीने रस्त्याबाहेर ढकलल्या गेल्या; स्टीव्हन्स यांना दिसले, की सायरन ऐकून गाड्या नेहमीप्रमाणे बाजूला थांबल्या, जशा रुग्णवाहिकेसाठी थांबतात. पुढे डॅन कहान हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फीत १,३५० अमेरिकनांना दाखवली. बहुतेकांनी न्यायालयासारखेच पाहिले. पण वंश, उत्पन्न, राजकीय कल यांनुसार मते फुटली, आणि भिन्नमतवाल्यांना असमंजस म्हणता येईल असे काही नव्हते. आपल्याला जे उघड दिसते ते सगळ्यांनाच उघड दिसत असणार, हा समज न्यायाधीशाच्या खुर्चीत सर्वांत धोक्याचा.

अमेरिकेत सुनावणीपर्यंत पोहोचणारे दिवाणी दावे फार घटले आहेत. मार्क गॅलेंटर यांच्या अभ्यासानुसार फेडरल न्यायालयांत निकाली निघालेल्या दिवाणी दाव्यांपैकी १९६२ साली ११.५ टक्के सुनावणीने निकाली निघाले होते. २००२ साली ते प्रमाण १.८ टक्क्यांवर आले. याला तडजोडी, खर्च, लवाद अशी अनेक कारणे आहेत, आणि संक्षिप्त निवाडा हे त्यातले एक.

आपल्याकडे खरी चिंता आता सुरू होते. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ च्या जानेवारीत आपला २५३ वा अहवाल दिला, आणि त्याच वर्षी व्यापारी न्यायालयांचा कायदा आला. त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १३-अ घातला. तो इंग्लंडच्या नव्या नियमांवर बेतलेला आहे: ज्याला दावा किंवा बचाव जिंकण्याची खरी आशा नाही, आणि तोंडी पुराव्यापर्यंत थांबण्याचे दुसरे सबळ कारण नाही, त्याच्याविरुद्ध वादमुद्दे निघण्याआधीच निकाल देता येतो. आदेश ३७ पेक्षा हे एका दृष्टीने न्याय्य आहे, कारण इथे प्रतिवादीही अर्ज करू शकतो आणि सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस मिळते. इंग्लंडमध्ये लॉर्ड वुल्फ यांनी या कसोटीचा अर्थ लावताना बजावले होते, की खरी आशा म्हणजे काल्पनिक नसलेली आशा, आणि या अर्जाच्या निमित्ताने छोटी सुनावणीच उरकून घ्यायची नाही.

हा कायदा झाला तेव्हा व्यापारी वादाची किमान रक्कम १ कोटी रुपये होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. कोटींच्या वादात दोन्हीकडे सॉलिसिटर असतात, कागद नीट लावलेले असतात, प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याला न्यायाधीश काय शोधणार हे ठाऊक असते. ३ लाखांच्या वादात एक बाजू एखादी वित्तकंपनी असते, तिचे छापील करारनामे आणि तयार मसुदे असतात. दुसरी बाजू असते तालुक्याच्या गावातला दुकानदार, ज्याचे अर्धे व्यवहार तोंडी झालेले असतात. 'मॅनेजरसाहेबांनी सांगितले होते, की हप्ता पुढच्या महिन्यात चालेल' हे त्याचे म्हणणे कागदावर अगदीच पोकळ वाटते. त्याच मॅनेजरला पिंजऱ्यात उभे करून चार प्रश्न विचारले तर कदाचित ते तसे वाटणार नाही. आपल्या व्यवहाराचा मोठा भाग अजूनही शब्दावर चालतो, आणि कागदच वाचणारी पद्धत शब्दाला मोजतच नाही.

मग अटींचा प्रश्न. आदेश ३७ मध्ये न्यायालयाला मधला मार्ग आहे: बचाव करा, पण आधी इतकी रक्कम जमा करा. २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या मुंबईतून गेलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने या मार्गाचे नियम नव्याने लिहिले. मुंबई उच्च न्यायालयाने विनाअट परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४१८ कोटींची मुद्दल जमा करा किंवा तेवढ्याचे तारण द्या, अशी अट घातली. बचाव शक्य कोटीतला असला पण संभाव्य वाटत नसला, तर पूर्ण मुद्दल व्याजासह जमा करायला सांगता येते, असे त्या निकालात आहे. दोन मोठ्या कंपन्यांच्या वादात ते योग्यच असेल. पण 'संभाव्य वाटत नाही' हे ठरवणे म्हणजे पुरावा न ऐकता पुरावा तोलणेच नाही का? विवियन बोस यांनी जी अट काढून टाकली होती, तिच्यासाठी इथे पुन्हा दार किलकिले झाले आहे. २०२२ मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आठवण दिली, की परवानगी देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला रक्कम भरण्याच्या अटीवर दिलेली परवानगी म्हणजे नाकारणेच.

इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९८२ साली हे ओळखले. यॉर्क मोटर्स विरुद्ध एडवर्ड्स या दाव्यात लॉर्ड डिप्लॉक यांनी म्हटले, की पाळता येणार नाही अशी अट घालू नये. मात्र आपली ऐपत नाही हे प्रतिवादीने पूर्ण खुलाशासह न्यायालयाला सांगितले पाहिजे. अट त्याच्या ऐपतीबाहेरची नसावी, पण त्याला झळ बसेल इतकी असायला हरकत नाही. आपल्या न्यायालयांनी रक्कम ठरवण्याआधी प्रतिवादीला ऐपतीचे प्रतिज्ञापत्र द्यायला सांगावे, आणि ते वाचल्याचे आदेशात लिहावे. कर्जबुडव्याला ते प्रतिज्ञापत्र देणे जड जाईल. खरोखर अडचणीत असलेल्याला नाही.

याहून महत्त्वाची एक सवय आहे, आणि ती लावायला कायदा बदलावा लागत नाही. संक्षिप्त निवाडा देणाऱ्या प्रत्येक आदेशात न्यायाधीशाने तीन गोष्टी लिहाव्यात. हरणाऱ्या बाजूने कोणती वस्तुस्थिती सांगितली, तिच्याच शब्दांत. ती खरी धरली तरी ती का हरते. आणि तिच्या बाजूने कोणत्या साक्षीदाराला काय विचारता आले असते, आणि त्याचे कोणतेही उत्तर आले तरी निकाल का बदलला नसता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नसेल, तर तो निवाडा देऊ नये. टोलनच्या दाव्यात हे लिहायला बसलेल्या न्यायाधीशाला गुडघ्यांपाशीच थांबावे लागले असते. संतोष कुमारच्या दाव्यात मालाचे पैसे कोणी, कधी, कोणासमोर दिले हा प्रश्न कागदावर उतरताच तारणाची अट लिहिणारा हात थबकला असता. आणि आडत्याच्या प्रॉमिसरी नोटेवर 'सही माझी नाही, सही माझी पण कोऱ्या कागदावर' असे दोन तोंडांनी बोलणाऱ्या दुकानदाराबाबत तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका परिच्छेदात बसतील. हुकूमनामा त्याच दिवशी निघेल आणि आडत्याला वसुलीसाठी दरखास्त लावायला मोकळे रान मिळेल.

असे आदेश दोन पाने लांब होतील. जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावरचा ढीग मला माहीत आहे, आणि ही मागणी त्यांच्यावर ओझे टाकते हेही मान्य आहे. पण साक्षीदारांच्या दोन वर्षांच्या तारखा वाचवणाऱ्या निकालाकडून दोन पानांची कारणे मागणे जास्त नाही. अपिलात वरच्या न्यायालयाला खालच्या न्यायाधीशाने नेमका कोणता वाद नाही असे ठरवले हे शोधावे लागणार नाही, आणि हरलेल्या माणसाला आपले म्हणणे निदान वाचले गेले का, हे त्याच कागदावर तपासता येईल.